तिरक्या अक्षाची दुर्बीण

इक्वेटोरिअल माउंटवरची दुर्बीण पहिल्यांदा जुळवून उभी केली की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "वाकडी बसलीय, सरळ करा की." ती सरळ करायची नसते. साध्या तिपाईवरची दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवी फिरते. इथे मात्र एक जाड अक्ष उत्तरेकडे तोंड करून तिरका उभा असतो. त्याला काटकोनात दुसरा अक्ष, त्याच्या एका टोकाला नळी आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. पुण्यात तो जाड अक्ष जमिनीशी १८.५ अंशांचा कोन करतो, मुंबईत १९, नागपुरात २१, कोल्हापुरात १६.७ आणि पणजीत १५.५ अंशांचा. हे त्या त्या गावाचे अक्षांश. त्या गावातून आकाशाचा उत्तर ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर असतो. ध्रुवतारा या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहूनही कमी अंतरावर आहे, म्हणून व्यवहारात आपण त्यालाच ध्रुव मानतो.

पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी करते आणि आपल्याला वाटतं की आकाशच ध्रुवाभोवती फिरतंय. हा वेग तासाला १५ अंश, मिनिटाला पाव अंश. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी अर्धा अंश असते, म्हणजे दोन मिनिटांत आकाश एका चंद्राएवढं सरकतं. नुसत्या डोळ्यांना ते जाणवत नाही. पण ९० पट मोठं दाखवणाऱ्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) आकाशाचा जेमतेम अर्ध्या अंशाचा तुकडा दिसतो आणि मधोमध आणलेला तारा मिनिटभरात कडेला जाऊन नाहीसा होतो. साध्या तिपाईवर त्याच्या मागे जायचं तर दोन्ही अक्ष एकाच वेळी, तेही सतत बदलत्या वेगानं फिरवावे लागतात. जाड अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर केला की ही कसरत संपते. त्याला काटकोनातला दुसरा अक्ष, म्हणजे क्रांतीचा अक्ष, एकदा आवळून टाकायचा आणि फक्त ध्रुवाकडे रोखलेला अक्ष हळूहळू, एकाच संथ वेगानं फिरवत राहायचं. हातानं फिरवायला एक गुंडी असते. मोटर बसवली तर तेही करावं लागत नाही.

ही बांधणी नावारूपाला आणली जर्मन काचकारागीर योसेफ फ्राउनहोफर यानं. १८२४ साली त्यानं दोर्पातच्या (आजचं एस्टोनियातलं तार्तू) वेधशाळेसाठी २४ सेंटिमीटर भिंगाची दुर्बीण पाठवली. तिच्या तिरक्या अक्षाला त्यानं वजनावर चालणारं घड्याळाचं यंत्र जोडलं होतं. वजन खाली उतरत जाई, चाकं फिरत आणि चार मीटरहून लांब नळी ताऱ्याच्या मागोमाग चाले. तिथला खगोलज्ञ फ्रीड्रिख गेओर्ग विल्हेल्म स्ट्रूव्ह यानं याच दुर्बिणीतून जोडताऱ्यांचा पिच्छा पुरवला. १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या यादीत असे ३,११२ तारे आहेत. जोडताऱ्यांमधलं अंतर मोजायचं तर तारा बराच वेळ एका जागी थांबायला हवा, नाहीतर मोजपट्टीची तार त्याच्यावर आणेपर्यंत तो निघून जातो. घड्याळानं तारा थांबवून धरला आणि स्ट्रूव्हनं तो मोजला. आज बाजारात मिळणाऱ्या ११४ मिलिमीटरच्या दुर्बिणीखालचा माउंट त्याच वंशातला आहे. त्याला आजही 'जर्मन' इक्वेटोरिअल म्हणतात.

आपल्याकडेही या कुळातली मोठी दुर्बीण होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला तिचे प्रमुख होते आणि डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण हे तिचं मुख्य यंत्र होतं. १९१२ साली ती उतरवून कोडाईकनालला नेण्यात आली. एके काळी देशातली सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात होती, हे आज पुण्यातही फारसं कुणाला ठाऊक नाही.

मोठ्या दुर्बिणींनी मात्र पुढे या माउंटकडे पाठ फिरवली. १९४८ मध्ये पालोमारची ५ मीटर आरशाची दुर्बीण सुरू झाली, तोवर तिरक्या अक्षाला पर्याय नव्हता. पण शेकडो टनांचं धूड तिरकं पेलून धरणं महागात पडतं. संगणक आले, दोन अक्षांचा बदलता वेग क्षणोक्षणी हिशोबून मोटरी चालवता येऊ लागल्या आणि अवाढव्य दुर्बिणी पुन्हा साध्या वर-खाली, डाव्या-उजव्या बैठकीवर आल्या. जुन्नरजवळ गिरावलीला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे, तीही अशीच. म्हणजे आज गंमत अशी, की व्यावसायिकांनी बाजूला ठेवलेली ही जुनी युक्ती नवशिक्याच्या गच्चीवर येऊन पोचली आहे.

इथे एक घोटाळा होतो, आणि माझ्या मते निम्म्या दुर्बिणी माळ्यावर जाण्याचं कारण तोच असतो. माउंटवर आकडे कोरलेल्या दोन गोल चकत्या असतात. त्या पाहून लोकांना वाटतं की हे यंत्र तारे शोधून देतं. ते शोधून देत नाही. शोधण्याच्या कामात इक्वेटोरिअल माउंट साध्या तिपाईपेक्षा थोडा अडचणीचाच आहे. नळी 'थोडी वर' न्यायची तर दोन्ही गुंड्या भलत्याच दिशांना फिरवाव्या लागतात. तारा सापडल्यावर तो नजरेत धरून ठेवणं, हे या माउंटचं खरं काम. शोधण्याचं काम तुमचे डोळे, छोटी फाइंडर दुर्बीण आणि नकाशा यांनी करायचं. हे दोन व्यवहार मनात वेगळे ठेवले की पुढचं सगळं बरंच सोपं जातं.

आधी उभारणी. यातलं बरंचसं दिवसा उजेडी उरकता येतं. नळी आडवी करून दोन्ही अक्षांच्या कळा सैल करा आणि वजन दांड्यावर मागेपुढे सरकवत नळी व वजन यांचा तोल साधा. हात काढल्यावर नळी जिथे होती तिथेच थांबली पाहिजे. तोल न साधता कळा आवळून काम भागवलं, तर गुंडी जड फिरते आणि बारीक दाते झिजतात. मग जाड अक्षाशेजारच्या पट्टीवर आपल्या गावाचा अक्षांश लावा.

नेमकी इथे महाराष्ट्रातल्या माणसाला एक अडचण येते, जी माहितीपुस्तिकेत सहसा नसते. हे माउंट युरोप-अमेरिकेतले अक्षांश डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. लंडनला अक्ष ५१ अंशांवर असतो आणि वजनाचा दांडा तिपाईपासून दूर, तिरका बाहेर निघतो. आपल्याकडे अक्ष जवळजवळ आडवा झोपलेला, म्हणून दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि वजन तिपाईच्या पायावर आपटतं. उपाय साधा आहे: उत्तरेला एक पाय ठेवण्याऐवजी दोन पायांमधली फट उत्तरेला करा, म्हणजे वजन त्या फटीत फिरतं. काही माउंट २० अंशांच्या खाली उतरायलाच तयार नसतात. कोल्हापूर, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातच नव्हे, पुण्या-मुंबईत राहत असाल तरी दुकानात पैसे मोजण्याआधी हा एक प्रश्न विचाराच. माउंट घरी आलेलाच असेल तर उत्तरेकडचे पाय थोडे आखूड करून सगळा सांगाडा किंचित उत्तरेकडे झुकवता येतो. फक्त तो कलंडणार नाही एवढं पाहा.

दिशेसाठी होकायंत्र चालतं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, ही आपल्याला मिळालेली सवलत आहे. जगात अनेक ठिकाणी हा फरक दहा-पंधरा अंशांचा असतो. मात्र गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याच्या टाकीचा लोखंडी सांगाडा आणि तुमची तिपाई, सगळं सुईला ओढतं. म्हणून होकायंत्र थोडं दूर उभं राहून पाहावं आणि दिशा एखाद्या लांबच्या इमारतीवर हेरून ठेवावी. अंधार पडल्यावर क्रांतीच्या चकतीवर ९० अंश लावा. आता नळी जाड अक्षाला समांतर होते. या स्थितीत दोन्ही गुंड्यांना हात न लावता, तिपाई फिरवून आणि अक्षांशाचा स्क्रू पिळून ध्रुवतारा फाइंडरमध्ये आणायचा.

ध्रुव शोधण्यासाठी शाळेत सप्तर्षींची युक्ती शिकवतात, पण आपल्या अक्षांशावर सप्तर्षी मावळतात. पुण्यातून कधीच न मावळणारे तारे ध्रुवाभोवतीच्या साडेअठरा अंशांच्या वर्तुळात असतात आणि सप्तर्षी त्याच्या बाहेर आहेत. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी ते दिसतच नाहीत. तेव्हा शर्मिष्ठेच्या इंग्रजी एम अक्षरासारख्या आकृतीवरून ध्रुवाची जागा काढावी लागते. त्यात ध्रुवतारा फार तेजस्वी नाही, आणि शहरात क्षितिजालगतच्या धुळीच्या थरात तो आणखी मंद होतो. पुणेकरांसाठी एक गमतीचा पडताळा आहे. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य दक्षिणेला आपल्या सर्वोच्च जागी येतो, तेव्हा त्याची उंची १८.८ अंश असते, म्हणजे जवळजवळ उत्तरेच्या ध्रुवाएवढीच. अगस्त्य व्याधाखालोखाल तेजस्वी, तो चुकायचं कारणच नाही. तो दक्षिणेला जेवढा वर दिसतोय, तेवढंच वर उत्तरेला पाहा.

उत्तरेला शेजारच्या सोसायटीची भिंत असेल तर? तरी काही बिघडत नाही. होकायंत्र आणि अक्षांशाची पट्टी यांच्यावर भरवसा ठेवा. अक्ष एका अंशानं चुकला तरी तासाभरात तारा जास्तीत जास्त पाव अंश भरकटतो. काहीच न करता तो तासाला १५ अंश पळतो, त्यापुढे हे किरकोळ आहे. फोटो काढणाऱ्यांना काटेकोरपणा लागतो. डोळ्यांनी पाहणाऱ्यानं अर्धी रात्र ध्रुव जुळवण्यात घालवू नये. तसे लोकही असतात, आणि त्यांना मग पाहायला वेळच उरत नाही.

फाइंडरही दिवसाच जुळवा. दोन-तीन किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरचं टोक मोठ्या नळीत मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. हे करताना नळी सूर्याच्या आसपासही नेऊ नका. क्षणभर नजर गेली तरी डोळा कायमचा जातो, आणि तो जाताना दुखतही नाही.

आता शोध. सगळ्यात मोठ्या आकड्याचा आयपीस लावा. ९०० मिलिमीटर केंद्रांतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की प्रतिमा ३६ पट मोठी होते आणि सुमारे १.४ अंश आकाश दिसतं. १० मिलिमीटरच्या आयपीसनं ९० पट मिळतात, पण खिडकी अर्ध्या अंशाची उरते. पहिल्या रात्री १० चा आयपीस लावून अंधारात चाचपडणारे पुष्कळ. आधी २५, तारा मधोमध आला की मगच १०.

तेजस्वी ताऱ्यांसाठी नकाशाही लागत नाही. रोहिणी, काक्षी, राजन्य, व्याध, मघा, चित्रा, स्वाती, अभिजित, श्रवण, ज्येष्ठा: नळीच्या बाजूनं, बंदूक रोखावी तशी नजर लावून त्यांच्याकडे वळायचं, फाइंडरमध्ये पाहायचं, कळा आवळायच्या. अंधूक गोष्टींसाठी जवळच्या ठळक ताऱ्यापासून टप्प्याटप्प्यानं जावं लागतं, आणि इथे तिरका अक्ष पहिल्यांदा शोधातही उपयोगी पडतो. आकाशातल्या जागेचे दोन आकडे असतात: विषुवांश, जो तासा-मिनिटांत पूर्वेकडे मोजतात, आणि क्रांती, जी विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण अंशांत मोजतात. माउंट नीट कललेला असेल तर एक गुंडी फक्त विषुवांश बदलते, दुसरी फक्त क्रांती.

हिवाळ्यातलं एक सुरेख उदाहरण. राजन्याच्या थोडा वायव्येला, साडेतीन अंशांवर, कुर्सा नावाचा बऱ्यापैकी ठळक तारा आहे. त्याचा विषुवांश ५ तास ८ मिनिटं, क्रांती उणे ५ अंश ५ कला (साठ कलांचा एक अंश). मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ ५ तास ३५ मिनिटं, उणे ५ अंश २३ कला या जागी आहे. क्रांतीत फरक फक्त १८ कलांचा, म्हणजे २५ च्या आयपीसच्या खिडकीत सहज मावणारा. कुर्सा मधोमध आणा, क्रांतीची कळ घट्ट आवळा आणि विषुवांशाची गुंडी पूर्वेकडे ७ अंशांच्या थोडं अलीकडेपर्यंत फिरवा. तेजोमेघ आपोआप समोर येतो. गुंडी फिरवायचाही कंटाळा असेल तर कुर्सा मधोमध ठेवून चहा करायला जा. मोटर मात्र बंद हवी. सुमारे साडेसत्तावीस मिनिटांनी पृथ्वी स्वतःच तेजोमेघ तुमच्या आयपीसमध्ये आणून ठेवेल. विषुवांश तासा-मिनिटांत का मोजतात, हे मला वाटतं याहून चांगलं समजावता येत नाही.

विषुवांशाचा शून्य वसंतसंपाताला, म्हणजे वसंतात सूर्य आकाशाचं विषुववृत्त ओलांडतो त्या जागी असतो, आणि हा बिंदू ७२ वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो. आज तो मीन राशीत आहे. वेदकाळी तो मृगात होता, असा युक्तिवाद करत टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' हा ग्रंथ लिहिला आणि त्यावरून ऋग्वेदाचा काळ मागे नेला. त्यांचा निष्कर्ष वादग्रस्त आहे, पण संपात सरकतो ही गोष्ट पक्की आहे. म्हणूनच तारानकाशावर 'इ. स. २०००' असं वर्ष छापलेलं असतं. लहान दुर्बिणीला एवढ्या फरकानं बाधा येत नाही.

चकत्यांवरच्या आकड्यांचा उपयोग एवढाच: ओळखीच्या ताऱ्यावर जाऊन विषुवांशाची चकती त्याच्या आकड्यावर फिरवून घ्यायची आणि तिथून जवळच्या गोष्टीकडे जायचं. छोट्या माउंटवरच्या चकतीत एक-दोन अंशांची चूक सहज होते, म्हणजे संपूर्ण खिडकीएवढी. तिच्या भरवशावर आकाश ओलांडू नये.

न्यूटनी दुर्बिणीचा आयपीस नळीच्या वरच्या टोकाला, बाजूला असतो. तिरक्या अक्षावर नळी वळली की तो कधी जमिनीकडे, कधी आभाळाकडे तोंड करतो. नळीच्या कड्या सैल करून ती स्वतःभोवती फिरवली की आयपीस पुन्हा सोयीच्या जागी येतो. मान वाकडी करून पाहत राहणं हा तपस्येचा भाग नव्हे. शिवाय तारा डोक्यावरून पश्चिमेकडे गेला की नळी तिपाईच्या पायाला अडते. तेव्हा दोन्ही अक्ष फिरवून नळी दुसऱ्या बाजूला घ्यायची आणि तारा नव्यानं धरायचा. मुंबईकरांना हे स्वातीच्या बाबतीत हटकून करावं लागतं. तिची क्रांती १९ अंश आहे, म्हणजे ती मुंबईच्या जवळजवळ नेमक्या डोक्यावरून जाते. पण आपली सोयही पाहा. साध्या तिपाईची पंचाईत डोक्यावर होते, कारण तिथे डावं-उजवं फिरून काही हाती लागत नाही. इक्वेटोरिअल माउंटची तशी पंचाईत ध्रुवाजवळ होते. ध्रुव आपल्याकडे क्षितिजालगतच्या धुळीत असल्यानं तिथे पाहायला तसंही कुणी फारसं जात नाही.

पाहायचं काय? तारा कितीही मोठा केला तरी बिंदूच राहतो, हे ऐकून काहीजण हिरमुसतात. जोडतारे मात्र लहान दुर्बिणीला न्याय देतात. हंसाच्या चोचीवरचा अल्बिरिओ एक सोनेरी, एक निळसर दिसतो. त्याला ३६ पटही पुरतात. पुनर्वसूतला कॅस्टर ९० पटींत फुटतो. उन्हाळ्यात सप्तर्षी उत्तरेला उंच आले की वसिष्ठाकडे दुर्बीण वळवा. नवरीला दाखवायची ती अरुंधती १२ कलांवर, त्याच खिडकीत. पण खुद्द वसिष्ठही दोन ताऱ्यांचा आहे, १४ विकलांच्या (साठ विकलांची एक कला) अंतरानं. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेली यानं ते १६१७ साली पाहिलं. १८८९ मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंग यांना वर्णपटावरून कळलं की त्यातला तेजस्वी तारा स्वतःच जोड आहे, साडेवीस दिवसांत एकमेकांभोवती फेरी घेणारी. मंद ताराही जोड निघाला. २००९ मध्ये अरुंधतीलाही एक मंद साथीदार सापडला. एकूण सहा. तुमच्या आयपीसमध्ये तीन दिसतील, आणि ते तिघंही आकाशाच्या चालीनं बाहेर निघालेले असतील. गुंडी एकच फिरवा, पश्चिमेकडे.